खरपूस की करपलेले? तव्यावरच्या चीज सँडविचचा एक धडा



आपल्या शाळेतल्या पुष्कळ मुलांच्या घरी दुपारी शाळा सुटण्याच्या वेळी आई-वडील दोघेही नोकरीवर असतात. कोणाच्या घरी आजी-आजोबा असतात, तर कोणाची किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. भूक तर कडकडून लागलेली असते, आणि मग एखादे पाकीट फोडले जाते. त्या पाकिटाला नुसती नावे ठेवून काही साधत नाही. त्याच्या जागी मुलांनी स्वतःच्या हाताने काय करून खावे, हे कोणीतरी शिकवायला हवे. म्हणून या अंकात सातवीच्या पुढच्या मुलामुलींसाठी आम्ही एक पदार्थ घेतला आहे : तव्यावर शेकलेले चीज सँडविच. मुलामुलींसाठी म्हणताना आम्ही मुलग्यांकडे मुद्दाम पाहत आहोत. पोट सर्वांनाच असते, तेव्हा तव्याची ओळखही सर्वांनाच हवी.

दुसरे कारण असे की, विज्ञानाच्या पुस्तकातला उष्णतेचा धडा या एका सँडविचमध्ये जवळजवळ पूर्ण येतो. तो पाठ करण्यापेक्षा खाऊन शिकला तर अधिक दिवस लक्षात राहतो.

नाव आणि गाव

हा पदार्थ मूळचा अमेरिकेच्या घराघरांतला. तिकडे त्याला 'ग्रिल्ड चीज' म्हणतात. पण ग्रिल म्हणजे खरे तर जाळी. ब्रिटनमध्ये तर वरून आच देऊन भाजण्याला ग्रिल करणे म्हणतात. अमेरिकेतले हे सँडविच मात्र सपाट तव्यावर किंवा कढईसारख्या पसरट भांड्यात होते. म्हणजे पोळीचा तवा ज्या घरात आहे, त्या घरात त्याची सगळी यंत्रसामग्री आधीच हजर आहे.

१९२८ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात चिलिकॉथी या गावी ओटो रोहवेडर यांच्या यंत्राने कापलेली डबलरोटी प्रथम विक्रीला आली. सारख्या जाडीचे काप आयते मिळू लागले. पुढे १९३० च्या दशकातल्या मंदीत थोड्या पैशांत पोट भरणारा पदार्थ म्हणून पाव आणि चीज यांची जोडी तिथे घरोघरी पोहोचली. तेव्हा हा मुळात श्रीमंतांचा पदार्थ नव्हे.

आजकाल हॉटेलच्या कार्डावर त्याच्यापुढे 'गोर्मे' असा शब्द लावतात आणि किंमत तिप्पट करतात. या फ्रेंच शब्दाचा अर्थ चोखंदळ खवय्या. त्याचा महागाईशी संबंध नाही. ज्याला कोणते चीज, किती आच आणि किती वेळ हे कळते, तो चोखंदळ. हे सर्व घरी, आपल्याच तव्यावर शिकता येते.

चीज वितळते, पनीर का नाही?

पनीरचा तुकडा तव्यावर कितीही वेळ ठेवा, तो तांबूस होईल, कडक होईल, पण वितळणार नाही. चीजचा तुकडा मात्र दोन मिनिटांत पसरतो. दोन्ही दुधाचेच, मग असे का?

दुधात केसीन नावाचे प्रथिन असते. त्याच्या अतिसूक्ष्म गोळ्यांना कॅल्शियमने बांधून ठेवलेले असते. पनीर करताना आपण तापलेल्या दुधात लिंबू किंवा आंबट ताक घालतो. आंबटपणामुळे बरेचसे कॅल्शियम पाण्याबरोबर निघून जाते आणि प्रथिने एकमेकांना घट्ट बिलगतात. पुन्हा तापवले की आतले पाणी उडते आणि ती आणखीच आवळली जातात.

चीज करताना दुधाला विरजण लावतात आणि रेनेट नावाचे विकर घालतात. यात आंबटपणा बेताचा राहतो, कॅल्शियमही बरेच टिकते. अशा दह्यातील प्रथिनांची पकड उष्णतेने सैल होते आणि चीज वाहू लागते. रेनेट पूर्वी वासराच्या जठरातून काढत असत. आता सूक्ष्मजीवांपासूनही ते तयार होते. शाकाहारी घरांनी वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा, म्हणजे शंका उरत नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त खपते ते प्रोसेस्ड चीज. १९११ साली स्वित्झर्लंडमधील थून या गावी वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीज वितळवताना त्यात सायट्रेट क्षार मिसळला, तेव्हा चरबी आणि पाणी वेगळे न होता एकजीव चीज मिळाले. १९१६ साली अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी अशाच चीजच्या आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. भारतात १९४६ साली स्थापन झालेल्या आणंदच्या सहकारी दूधसंघाने पुढे म्हशीच्या दुधाचे चीज करून दाखवले आणि ते सामान्य घरापर्यंत आणले.

घरात चीजचा डबा असेल तर त्यावरची घटकांची यादी वाचा. यादीत ३३१, ३३९ किंवा ४५२ असे आकडे दिसतील. ३३१ म्हणजे सोडियम सायट्रेट, आणि उरलेले दोन फॉस्फेट गटातले. चरबी सुटू न देण्याचे काम हेच क्षार करतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. यादीत जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहिलेला असतो. दुधाच्या जागी वनस्पती तेल दिसले, तर ते चीज नव्हे, चीजसारखे दिसणारे काहीतरी आहे. आपण कशाचे पैसे देतो, हे वाचायची सवय मुलांना लहानपणीच लागली पाहिजे.

तीन प्रकारांचे स्वभाव ध्यानात ठेवा :

प्रोसेस्ड चीज : एकसारखे मऊ वितळते, तेल सोडत नाही, पण तार येत नाही. मीठ भरपूर असते.

मोझरेला : मूळचे इटलीचे. गरम पाण्यात दही ओढून-ओढून करतात, म्हणून लांब तार येते. चव मात्र सौम्य.

चेडर : इंग्लंडमधील चेडर गावावरून नाव पडले. जितके मुरलेले तितकी चव तीव्र. पण फार मुरलेले चेडर जास्त तापले तर तूप सुटते आणि ते रवाळ होते.

म्हणून चोखंदळ माणूस एकाच चीजवर भिस्त ठेवत नाही. चवीला एक आणि तारेला एक, असे दोन मिसळतो. बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून करायचे तर दोन भाग प्रोसेस्ड आणि एक भाग मोझरेला हे प्रमाण चांगले जमते. चेडर मिळाले तर प्रोसेस्डपैकी एक भाग कमी करून ते घालावे.

बाहेर १४०, आत ६०

आता धड्याचा गाभा. सँडविचच्या आत चीज वितळायला साधारण ६० अंश सेल्सिअस तापमान पुरते. पण बाहेरचा पाव तांबूस आणि कुरकुरीत व्हायला सुमारे १४० अंश आणि त्याहून थोडे अधिक लागते. या तापमानाला प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि साखर यांची भराभर अभिक्रिया होते आणि तो खमंग वास व रंग येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती मायार अभिक्रिया. आपल्या पोळीवरचे तांबूस डाग, भाजलेल्या रव्याचा वास, हे सारे तिचेच घर.

एकाच वेळी बाहेर १४० आणि आत ६० कसे साधायचे? मधे पाव आहे, आणि पावात असंख्य हवेची भोके आहेत. हवा उष्णतेची मंदवाहक. लोकरीचा स्वेटर जसा उष्णता अडवतो, तसा पाव अडवतो. आच मोठी ठेवली तर बाहेरची बाजू दोन मिनिटांत काळी होते आणि आत चीज गारच्या गार. आच मंद ठेवली तर उष्णतेला आत पोहोचायला वेळ मिळतो.

पाण्याचाही हिशोब आहे. पावात आणि बटरमध्ये पाणी असते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्यामुळे आपल्याकडे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. पृष्ठभागावरचे पाणी उडून जाईपर्यंत तिथले तापमान याच्या फारसे वर चढत नाही, म्हणून रंगही येत नाही. सँडविच तव्यावर टाकल्यावर जो चुर्र आवाज येतो, तो पाणी उडण्याचा. आवाज मंदावला की रंग यायची वेळ आली असे समजावे. तेव्हा स्वयंपाक डोळ्यांइतकाच कानांनीही करायचा असतो.

आणि आच वाढून पाव काळा झाला तर? कडू तर लागतोच. शिवाय २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, पिष्टमय पदार्थ फार उच्च तापमानाला तळले-भाजले की त्यात अॅक्रिलामाइड हे नको असलेले रसायन तयार होते. जितका काळपट रंग, तितके ते अधिक. तेव्हा रंग सोनेरी-तांबूस हवा, काळा नको.

साहित्य (दोन सँडविचसाठी)

डबलरोटीचे ४ काप, साधारण एक सेंटिमीटर जाडीचे. आदल्या दिवशीची रोटी असली तर उत्तम, कारण तिच्यात ओल थोडी कमी असते आणि ती लवकर कुरकुरीत होते.

किसलेले चीज ८० ते १०० ग्रॅम, वर सांगितलेल्या प्रमाणात मिसळलेले.

मऊ बटर २ चमचे आणि साजूक तूप १ चमचा, एकत्र कालवून.

लसणीची कोरडी चटणी २ चमचे किंवा घट्ट हिरवी चटणी २ चमचे.

एक मध्यम कांदा, उभा पातळ चिरलेला. मिरपूड.

मीठ घालू नये. चीज, बटर आणि चटणी तिघांतही ते आहेच.

बटरमध्ये तूप का? बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेले बहुतेक पाणी आणि थोडे दुधातले घनपदार्थ. चव या घनपदार्थांत असते, पण करपतातही तेच आधी. तूप कढवताना ते खाली बसतात आणि गाळले जातात, म्हणून तूप अधिक तापमान सोसते. दोन्ही मिसळले की चव राहते आणि करपण्याचा धोका कमी होतो.

चीज किसायचे का? त्याचे उत्तर गणितात आहे. दोन सेंटिमीटर बाजूचा चीजचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ २४ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक सेंटिमीटर बाजूचे ८ घन केले तर एकूण पृष्ठफळ ४८, आणि अर्ध्या सेंटिमीटरचे ६४ घन केले तर ९६. चीज तेवढेच, पण उष्णता शिरायला जागा चौपट. किसल्यावर तर याहून किती तरी जास्त. शिवाय किसताना चीज गार असावे, म्हणजे किसणीला चिकटत नाही.

कृती

१. लहान कढईत अर्धा चमचा तूप घालून कांदा अगदी मंद आचेवर परतत ठेवा. २० ते २५ मिनिटांनी तो मऊ, तपकिरी आणि गोड होतो. हा आदल्या दिवशी करून ठेवला तरी चालतो. घाई असेल तर कांदा वगळा, पण आच वाढवू नका.

२. बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा मंद आचेवर तीन मिनिटे तापवा. जाड तवा उष्णता साठवतो आणि सर्वत्र सारखी देतो. पातळ तव्यावर मध्यभागी काळा डाग पडतो.

३. तव्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. ते हळूहळू चुरचुरत उडाले तर तवा तयार. थेंब मोत्यासारखे गोल होऊन पळू लागले तर तवा फार तापला आहे. गॅस बंद करून दोन मिनिटे थांबा.

४. प्रत्येक कापाच्या बाहेरच्या बाजूला बटर-तुपाचे मिश्रण कडेपर्यंत पातळ लावा. आतल्या बाजूला चटणी. हिरवी चटणी पातळ असेल तर आधी गाळणीत निथळू द्या, नाहीतर पाव लिबलिबीत होतो. टोमॅटो घालायचा असल्यास बिया आणि रस काढून टाका.

५. चटणीवर निम्मे चीज, त्यावर कांदा, त्यावर उरलेले चीज आणि दुसरा काप. कांदा दोन्ही बाजूंनी चीजमध्ये असला की वितळलेले चीज त्याला धरून ठेवते आणि सँडविच सुटत नाही. कडेला अर्धा सेंटिमीटर जागा मोकळी सोडा.

६. सँडविच तव्यावर ठेवा, वर झाकण घाला, आच मंदच. साधारण तीन मिनिटे. झाकणामुळे वाफ आणि उष्णता कोंडली जाते आणि वरूनही चीज तापू लागते.

७. झाकण काढा. उलथण्याने कोपरा उचलून रंग पाहा. सोनेरी-तांबूस झाला असेल तर उलटा. उलथण्याने हलकेच दाबा, चेपू नका.

८. दुसरी बाजू दोन-तीन मिनिटे, या वेळी झाकणाशिवाय. आता झाकण ठेवले तर कोंडलेली वाफ कुरकुरीतपणा घालवेल.

९. सँडविच ताटलीत न ठेवता जाळीवर एक मिनिट ठेवा. ताटलीत खाली वाफ साचते आणि केलेले सारे काम ओले होते. मग तिरके कापा. वर चिमूटभर जीरावन भुरभुरले तर इंदुरी पोह्यांची आठवण यावी अशी चव येते. चीजच्या स्निग्धपणाला थोडे आंबट-तिखट हवेच असते.

काळजी

ओढणी, सैल बाह्या, नायलॉनचे कपडे गॅसजवळ नकोत. केस बांधलेले असावेत. तव्याची मूठ आत वळवावी. काम संपल्यावर गॅसचे बटण आणि रेग्युलेटर दोन्ही बंद. बारा वर्षांखालील मुलांनी मोठ्या माणसाशिवाय गॅस पेटवू नये, आणि त्यावरच्या मुलांनीही पहिले चार-पाच वेळा कोणाच्या तरी देखरेखीत करावे. वितळलेले चीज ओठाला चिकटून राहते, म्हणून चटका मोठा बसतो. कापल्यावर दोन मिनिटे थांबणे बरे. भाजलेच तर त्या जागेवर २० मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नये.

आणि हा रोजचा डबा नव्हे, हेही सांगतो. चीज आणि बटर यांत स्निग्धांश व मीठ भरपूर असते. आठवड्यातून एकदा, सोबत काकडी-गाजर, एवढे पुरे.

एक शब्द हरवू नये म्हणून

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. 'ऊष्मा का चालन' आम्ही परीक्षेत व्यवस्थित लिहिले. पण मंद आच, बीड, उलथणे हे शब्द पुस्तकात मिळाले नाहीत, ते स्वयंपाकघरातच मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या घरांत मराठी आता कुठे उरली आहे, हे प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावे. दिवाणखान्यात टीव्ही हिंदी बोलतो, अभ्यासाच्या टेबलावर पुस्तक इंग्रजी बोलते. तव्यापाशी मात्र आजी अजून मराठीत बोलते.

आणि तिची मराठी किती नेमकी आहे पाहा. इंग्रजीत एका 'रोस्ट'मध्ये पुष्कळ काही उरकले जाते. आपण रवा भाजतो, कांदा परततो, पापड शेकतो, पुरी तळतो. पाव मनासारखा तांबूस-कुरकुरीत झाला तर तो खरपूस. अर्धा मिनिट अधिक झाले की तोच करपलेला. खरपूस आणि करपलेले यांमधला फरक म्हणजेच मायार अभिक्रिया कुठे थांबवावी याचे ज्ञान. मायार यांच्या कितीतरी आधीपासून आपल्या आज्या हा फरक जाणत होत्या, आणि त्यासाठी त्यांनी दोन वेगळे शब्द जपले. ज्या मुलाला हे दोन शब्द ठाऊक आहेत, तो तव्याकडे अधिक बारकाईने पाहतो. शब्द गेला तर तेवढी नजरही जाते.

म्हणून पालकांना विनंती की, हे सँडविच मुलांना करून देऊ नका, त्यांना करू द्या. पहिले दोन काळे होतील. होऊ द्यावेत. शेजारी उभे राहून सूचना मात्र मराठीत द्याव्यात. आजी घरी असतील तर हे काम त्यांच्याकडेच सोपवावे. चीज त्यांना नवे असेल, आच नवी नाही.

स्वाध्याय

१. एक सँडविच मंद आचेवर आणि एक मोठ्या आचेवर करा. दोन्ही कापून आतले चीज व बाहेरचा रंग यांची तुलना करा. कारण लिहा.

२. चीज आणि पनीर यांचे सारख्या आकाराचे तुकडे तव्यावर ठेवा. दोन मिनिटांनी काय दिसते? चित्र काढा.

३. घरातील कोणत्याही तीन वेष्टनांवरील घटकांची यादी वाचा. पहिले तीन घटक वहीत लिहा.

४. तीन सेंटिमीटर बाजूच्या घनाचे एक सेंटिमीटर बाजूचे घन केले तर एकूण पृष्ठफळ किती पट होईल?

५. आजी-आजोबांना विचारून स्वयंपाकातील असे दहा मराठी शब्द लिहा, जे तुम्ही याआधी वापरले नव्हते. प्रत्येकाचा एका वाक्यात उपयोग करा.

आपली निरीक्षणे एका पानावर, मराठीत लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पाचव्या प्रश्नाची उत्तरे एकत्र करून आम्ही शाळेच्या फलकावर लावणार आहोत.